व्हिडिओ पाहून झाला, आता पुढे?

जुलै उजाडला की पुण्यातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एनपीटेलच्या लिंका फिरू लागतात. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे उत्साही मंडळी एका दमात तीन-चार कोर्सना नाव घालतात. गणपती येईपर्यंत त्यातले दोन सुटलेले असतात, नवरात्रात तिसरा. शिक्षकांची गतही फार वेगळी नाही. कोविडच्या काळात रेकॉर्ड केलेली तासातासाची व्याख्यानं ड्राइव्हवर पडून आहेत, आणि 'मटेरियल दिलेलं आहे' एवढ्यावर सगळ्यांचं समाधान आहे.

पदवीला असलेली मुलं-मुली आणि त्यांना शिकवणारे, दोघांनाही एक कसोटी सुचवतो. मोबाइल, ॲप, पोर्टल, एआय, काहीही हाती घेण्याआधी विचारा: हे वापरताना शिकणाऱ्याला स्वतः काही करावं लागतं का? आणि केलेलं चुकलं तर ते त्याला कळणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ते साधन म्हणजे खर्चिक फळा. पुण्यात फळ्यांची कमतरता कधीच नव्हती.

आधी एनपीटेलचंच बघू, कारण जुलैत घाई त्याचीच असते. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचे हे कोर्स केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवरून चालतात. 'स्वयम्'चं उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झालं. सर्वसाधारणपणे चार आठवड्यांच्या कोर्सला एक क्रेडिट, आठला दोन, बाराला तीन. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा कोर्समधून घेता येतात. 'घेता येतात' आणि 'तुमचं कॉलेज देतं' यांत मात्र अंतर आहे. म्हणून नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून किंवा परीक्षा विभागाकडून हा कोर्स कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, ते लेखी घ्या. तोंडी 'हो हो, होईल' यावर विसंबू नका. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी डिजिलॉकरमधून काढून ठेवा आणि त्यातलं नाव मार्कशीटवरच्या नावाशी जुळतं का ते पाहा. वडिलांचं नाव आधी की आडनाव आधी, एवढ्यावरही कामं अडकतात.

कोर्स फुकट असला तरी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. तिची फी हजार रुपयांच्या घरात असते आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत मिळते. जुलैच्या सत्रासाठी ही नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये बंद होते. गुणांची विभागणी २५ आणि ७५ अशी. पंचवीस दर आठवड्याच्या असाइनमेंटचे (बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ धरतात), पंचाहत्तर केंद्रावर जाऊन संगणकावर दिलेल्या परीक्षेचे. दोन्हीकडे स्वतंत्रपणे किमान गुण लागतात: पंचवीसपैकी दहा आणि पंचाहत्तरपैकी तीस.

गोम इथेच आहे. असाइनमेंट जमा करायची मुदत बहुधा बुधवारी रात्री संपते, आणि बुधवारी संध्याकाळी टेलिग्रामवर उत्तरं फिरत असतात. ती उतरवून पंचवीसपैकी चोवीस मिळवणारा मुलगा परीक्षेत तिसाच्या खाली अडकतो, आणि वर 'पेपर फार अवघड होता' म्हणतो. असाइनमेंट हाच या कोर्समधला 'स्वतः करायचा' भाग. तोच उतरवला तर मागे उरतात फक्त व्हिडिओ. माझा सल्ला असा की बारा आठवड्यांचा एकच कोर्स घ्या, असाइनमेंट शनिवारी स्वतः सोडवा, सोमवारी चुकलेलं पुन्हा बघा आणि मंगळवारी जमा करा. बुधवारचा ग्रुप म्यूट करून ठेवा.

व्हिडिओ कसा बघायचा, हा प्रश्न वरवर बाळबोध वाटतो. सदाशिव पेठेतल्या किंवा नवी पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. महिन्याचे पैसे भरून खुर्ची घेतलेली मुलं कानात हेडफोन घालून दुप्पट वेगाने लेक्चर 'संपवत' असतात. आधी येत असलेल्या विषयाची उजळणी असेल तर वेग वाढवायला हरकत नाही. नवा विषय असेल, सिद्धता असेल, गणित असेल, तर दुप्पट वेगाने पाहिलेलं लेक्चर संध्याकाळी मेसमध्ये पहिली पोळी संपेपर्यंत विरलेलं असतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. एका गटाने एकच उतारा पुन्हा पुन्हा, चार सत्रांत, वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. परीक्षा पाच मिनिटांनी असती तर गोष्ट वेगळी.

म्हणून दहा मिनिटं व्हिडिओ बघा, तो थांबवा, फोन उलटा ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग व्हिडिओ मागे नेऊन काय सुटलं ते लाल पेनाने भरा. तासाचा व्हिडिओ असा बघायला दीड-दोन तास जातात, हे खरं. पण मग परीक्षेच्या आदल्या रात्री तो पुन्हा बघायची वेळ येत नाही.

तासाच्या व्हिडिओची सवय आपल्याला आजची नाही. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर दिसू लागला, आणि त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या सुरुवातीच्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचंही केंद्र होतं. कार्यक्रम मेहनतीने केलेले असत. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता आणि टीव्हीही बघणाऱ्याला काही विचारत नव्हता. तेव्हा त्याला इलाज नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात दोन्ही बाजूंनी बोलणारं यंत्र आहे, तरी आपण ते त्या जुन्या टीव्हीसारखंच वापरतो, हे मला पटत नाही.

आता शिक्षकांसाठी. रेकॉर्ड करायचंच असेल तर अख्खा तास करू नका. एडएक्सच्या कोर्समधल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची तपासणी करून २०१४ साली काढलेला निष्कर्ष असा होता की सहा मिनिटांच्या पुढे बघणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, मुलं सरासरी तेवढाच वेळ थांबतात. एक संकल्पना, एक व्हिडिओ, शेवटी एक प्रश्न. वर्गातला मोकळा झालेला वेळ कशाला वापरायचा, हे मात्र आधी ठरवलेलं हवं. नाहीतर मुलं घरी व्हिडिओ बघत नाहीत आणि वर्गात आपण तेच पुन्हा सांगत बसतो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून जी पद्धत वापरतात, ती आपल्या ऐंशी-शंभर मुलांच्या वर्गातही चालते. नमुन्याला हा प्रश्न घ्या. कात्रजच्या तळ्यात एक होडी आहे, होडीत मोठा दगड आहे. दगड उचलून पाण्यात टाकला आणि तो तळाशी गेला. तळ्याची पातळी वाढली, उतरली की होती तेवढीच राहिली?

मुलांना मिनिटभर गप्प विचार करू द्या. मग प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याच्या वहीत न बघता. बहुतेकांची बोटं 'वाढली'कडे जातात, कारण दगड पाण्यात पडलेला डोळ्यांना दिसतो. बरोबर उत्तरं साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मधे असतील तर स्पष्टीकरण देऊ नका. 'शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा' एवढंच सांगा आणि तीन मिनिटं वर्गात गलका होऊ द्या. नंतर पुन्हा उत्तरं घ्या. दगड होडीत असताना स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारत होता. तळाशी गेल्यावर तो फक्त आपल्या आकारमानाइतकं सारतो, आणि दगड पाण्याहून जड असल्यामुळे ते कमी भरतं. म्हणजे पातळी उतरते. हे फळ्यावर आर्किमिडीजचं नाव लिहूनही सांगता येतं. पण आधी चुकीच्या उत्तराची बाजू घेऊन भांडलेल्या मुलाला ते जसं कळतं, तसं वहीत उतरवणाऱ्याला कळत नाही.

यात तंत्रज्ञानाचं काम छोटं, पण मोलाचं आहे. सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी आणि एकमेकांना न दिसता मिळणं, ही सोय हात वर करायला लावून होत नाही. पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा हात वर करतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघून. फोनवर गुगल फॉर्म किंवा एखादं मतदानाचं ॲप पुरतं. जुन्या दगडी इमारतींच्या तळमजल्यावर रेंज येत नाही, तिथे 'प्लिकर्स' वापरून बघा. मुलांच्या हातात छापील कार्डं. कार्ड ज्या बाजूने धरलं ते उत्तर. शिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. फोन लागतो एकच, आणि ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्या मुलाला ते जाहीर करावं लागत नाही. माझ्या मते हा फायदा बाकी सगळ्यांहून मोठा आहे.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' प्रकल्पात आयआयटींबरोबर आपलं सीओईपीही आहे, आणि तिथले प्रयोग ब्राउझरमध्ये फुकट करता येतात. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ते एकदा करून या. उपकरणासमोर उभं राहिल्यावर कुठलं बटण कशाचं, यात अर्धा तास जात नाही. मात्र प्रत्यक्ष प्रयोगाच्या जागी त्यांना बसवू नका. पडद्यावरच्या जोडणीत वायर कधी सैल होत नाही. पदवी घेऊन भोसरी-चाकणच्या कारखान्यात गेल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकी सैल वायरच शोधावी लागते.

आता ज्या गोष्टीचा पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त फायदा घ्यायला हवा आणि घेतला जात नाही, तिच्याकडे येतो: खरा डेटा. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून रोज हजारो विद्यार्थी जातात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्याच्या या कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा, दर दिवसाचा, देशभराचा पाऊस फुकट उतरवून घेता येतो. देशावर पाव अंशाची जाळी टाकलेली आहे. एक चौकट साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. दर वर्षाची एक फाइल.

संख्याशास्त्र, भूगोल, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, कुठल्याही शाखेच्या मुलाला यातून सत्रभराचा प्रकल्प मिळेल. पुण्याची चौकट घ्या: अक्षांश १८.५, रेखांश ७३.७५. तिच्या पश्चिमेची, १८.५ आणि ७३.५ ची, चौकट मुळशीकडे पडते. दोन्हींच्या वर्षाच्या बेरजा शेजारी शेजारी मांडा. पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि घाटाकडे एक पाऊल सरकलं की आकडा कुठल्या कुठे जातो. पर्जन्यछायेची व्याख्या शाळेपासून पाठ असते. ती आपल्या हाताने काढलेल्या आलेखात दिसली की तिचं काय होतं, ते करूनच पाहा. मग १९६१ ची फाइल उघडा. १२ जुलैला पानशेत फुटलं, त्याआधीच्या पंधरवड्यात धरणाच्या बाजूच्या चौकटींत किती पाऊस नोंदला आहे ते बघा, आणि त्याच दिवसांचा पुण्याचा बघा. आजी-आजोबांकडून ऐकलेली गोष्ट आणि आकडे समोरासमोर येतात.

एक सूचना. समुद्रावरच्या चौकटींत पावसाच्या जागी -९९९ असा आकडा असतो. तो 'नोंद नाही' म्हणून ठेवलेला आहे. किनारपट्टीची सरासरी काढताना तो बाजूला काढला नाही, तर अलिबागला उणे पाऊस पडल्याचं उत्तर येतं. अशी ठेच लागलेला विद्यार्थी पुढे आयुष्यभर डेटा उघडला की आधी त्यातल्या रिकाम्या जागा शोधतो. पाठ्यपुस्तकातल्या साफसूफ केलेल्या उदाहरणांत ही ठेच लागत नाही.

यासाठी लागणारं पायथॉन किंवा आर येत नसेल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' बघा. छोटे छोटे धडे, आणि बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे. त्यांची रचनाच अशी आहे की पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्या भागात तुमचं काम; थांबवायचं, करायचं, पुढे जायचं. हवामान खात्याच्या फाइली वाचण्यासाठी 'आयएमडीलिब' नावाची पायथॉनची तयार लायब्ररीही आहे. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर गुगल कोलॅबवर कॉलेजच्या लॅबमधून काम होतं. फोनवर मात्र हा नाद करू नका, डोळे आणि चिकाटी दोन्ही संपतात.

खगोलाची आवड असेल तर नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची जुनी निरीक्षणंही ऑनलाइन संग्रहात आहेत. पण तो डेटा सुरुवातीला झेपत नाही. कोणीतरी जाणता बरोबर हवा.

एआयबद्दल बोलायचं तर चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आणि तेव्हापासून कॉलेजांत दोनच सूर ऐकू येतात: बंदी घाला, किंवा सगळं त्याच्यावर सोपवा. विद्यार्थ्यांना सांगतो: आधी तुम्हाला चांगलं ठाऊक असलेल्या विषयावर त्याची परीक्षा घ्या. पानशेतच्या पुराबद्दल पाच पुस्तकं आणि लेख, लेखक आणि वर्षासह, मागा. यादी नीटनेटकी येईल. मग एकेक नाव ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. काही सापडतील, काहींचा लेखक खरा पण पुस्तक नसलेलं, असंही निघू शकतं. ही यंत्रं भाषेचा अंदाज बांधून पुढचा शब्द मांडतात, त्यामुळे खोटा संदर्भही खऱ्याइतक्याच ठामपणे लिहितात. आपल्याला ठाऊक असलेल्या विषयात ते कुठे घसरतं हे पाहिलं, की ठाऊक नसलेल्या विषयात किती भरवसा ठेवायचा याचा अंदाज येतो.

कामाला लावायचंच तर त्याला उत्तर मागण्याऐवजी प्रश्न विचारायला लावा. 'मी मागणीची लवचिकता वाचली आहे. मला एका वेळी एक प्रश्न विचार, उत्तर चुकलं तर लगेच बरोबर उत्तर देऊ नकोस, एक खूण दे.' हे मराठीत लिहिलं तरी चालतं. मराठी माध्यमातून बारावी करून बीड-नांदेडहून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी विषय अवघड जात नाही, त्यातली इंग्रजी जाते. त्यांना शंका कितीही वेळा, कोणी हसेल ही भीती न बाळगता विचारता येणं ही मोठी सोय आहे. फक्त पारिभाषिक शब्द त्याच्याकडून घेऊ नका. ते भाषा संचालनालयाच्या ऑनलाइन परिभाषा कोशांतून घ्या, आणि एखादी संकल्पना मराठीतून नीट वाचायची असेल तर मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहेच.

मूळ शोधनिबंध मिळवणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं; ३० प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना वाचता येतात. विद्यापीठाच्या विभागात शिकत असाल तर जयकर ग्रंथालयात लॉगिनची चौकशी करा. खासगी कॉलेजात असाल तर कॉलेजच्या ग्रंथपालांना 'एन-लिस्ट'बद्दल विचारा. हे विचारायला फारसं कोणी जात नाही, त्यामुळे ग्रंथपाल बहुधा खूश होतात. भारतातल्या पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर सगळ्यांनाच खुले आहेत.

शिक्षकांची अडचण वेगळी आहे: आलेला प्रकल्प मुलाने केला की यंत्राने, हे कसं ओळखायचं? ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं ओळखयंत्र, ते पुरेसं अचूक नाही म्हणून, जुलै २०२३ मध्ये बंद केलं. स्वतः कष्टाने लिहिणाऱ्या मुलीवर सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून आळ येणं, हे कॉपी सुटण्यापेक्षा वाईट. त्यापेक्षा कामाची आखणी बदला. पावसाचा प्रकल्प असेल तर प्रत्येकाला वेगळी चौकट, वेगळं दशक द्या. तीन टप्प्यांत मागवा: पहिल्या पंधरवड्यात प्रश्न आणि कच्चा आलेख, मग मसुदा, शेवटी प्रकल्प. एआय वापरलं असेल तर कुठे आणि कशाला, हे एका परिच्छेदात लिहायला सांगा. त्याचे गुण कापू नका, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही.

आणि तोंडी घ्या. साठ मुलांची प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे पाच तास होतात. ते एका दिवशी काढायला गेलात तर शेवटची तीस मुलं नुसती सही करून जातात. दर आठवड्याच्या प्रॅक्टिकलमध्ये चिठ्ठी टाकून बारा जणांना बोलवा, पाच आठवड्यांत वर्ग होतो. लॅपटॉप उघडा ठेवून दोनच प्रश्न विचारा: ही ओळ इथे का आहे, आणि ही काढली तर आलेखात काय बदलेल? मग ती ओळ तिथेच काढायला लावा आणि काय होतं ते दोघांनी मिळून बघा.